चहाच्या पुडीतली पुडी

लातूरला रिंगरोडवर एका मोठ्या कंपनीचं दुकान निघालंय. एका अंगाला डाळ-तांदूळ, दुसऱ्या अंगाला औषधं, आणि सगळं छापील किमतीपेक्षा कमी. माझी सून परवा जाऊन आली आणि जेवायला वाढता वाढता म्हणाली, "मामा, एकाच छताखाली सगळं मिळतंय बघा. नवीनच काढलंय."

मी म्हणलं, "नवीन?"

"मग? असलं आधी कुठं होतं?"

घास तोंडात होता म्हणून बोललो नाही. पण तेव्हापासून डोक्यात बसलंय. माझी शाळा चौथीत सुटली. लिहायचं काम कधी पडलं नाही, उभा जन्म टेंपोच्या चाकामागं गेला. अक्षर माझं वाकडं आहे. कोणाला दुरुस्त करायचं असेल त्यानं अक्षर करावं, गोष्ट करू नये. गोष्ट मी डोळ्यानं बघितलेली आहे.

हे दुकान आमच्या अप्पांनी काढलं होतं. कंधारच्या बसवंतअप्पांनी. पाटीवर नुसतं लिहिलेलं, 'औषध व किराणा, स्वस्त'. पुढं बिलोली, नांदेड, अहमदपूर आणि शेवटी लातूर इथं दुकानं निघाली तरी पाटी तीच. कोणी विचारलं, "अप्पा, दुकानाला नाव काऊन न्हाई?" तर म्हणायचे, "आपण नाव ठेवलं की लोकबी ठेवाया लागतेत."

अप्पा बुटके होते. पोट पुढं, कपाळावर विभूती, पांढरं धोतर, वर बंडी आणि बंडीला आतून खिसा. गादीवर बसायचे ते डोक्यावर टांगलेल्या दोऱ्याच्या गुंड्याखाली. माल तोलला की वर्तमानपत्राचा कागद पुढ्यात, चार घड्या, वरून दोरा खाली ओढायचा, पुडीला दोन वेढे, बोटाला एक, आणि झटका. कात्री मी त्यांच्या हातात कधी बघितली नाही. त्या झटक्यानं त्यांच्या उजव्या बोटाला खाच पडली होती. पुडी अशी बांधायचे की बायामाणसं रिकामी झाल्यावरही दोरा सोडून गुंडाळून ठेवायच्या.

माल मोजताना व्यापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. अप्पाही म्हणायचे, पण फक्त किराण्याला. गोळ्या मोजताना सरळ 'एक' म्हणायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मारोती, दुसऱ्याच्या तापात माझा लाभ मोजू व्हय रे?" तसंच गिऱ्हाईक उठलं की किराणेवाल्याला म्हणायचे, "या परत." औषधवाल्याला म्हणायचे, "परत येऊ नका." नवा माणूस बिचकायचा. जुने लोक हसून "बरं अप्पा" म्हणायचे आणि पुढच्या महिन्यात यायचेच.

माझी त्यांची गाठ बाहत्तरच्या दुष्काळात पडली. कंधारच्या रस्त्याला खडी फोडायचं काम चालू होतं, तिथं सगळा मुलूख गोळा झालेला. अप्पांचं तेव्हा कंधारला लहानसं किराणा दुकान. ते बैलगाडीत मीठ-मिरची, गूळ घेऊन कामावर यायचे. उन्हाळ्यात कामावर हगवण लागली आणि ताप सुरू झाला. औषध म्हणलं की नांदेड गाठायचं. अप्पा मालाला नांदेडला जायचेच, तिथून साखरेच्या पोत्यावर बसवून तापाच्या गोळ्या आणायला लागले. लोक म्हणतात अप्पांनी मारोतीला खडीवरून उचललं. मला कोणी उचललेलं नाही. अप्पांचा बैल बसला होता. त्यांनी एकाची जुनी मोटारगाडी भाड्यानं घेतली आणि चालवणारा शोधून राहिले होते. मी हातोडा खाली ठेवून पुढं गेलो.

"गाडी येती का?"

"येती."

"लायसन?"

"ते बी येईल."

अप्पा हसले आणि मी बसलो. एवढंच झालं.

दुष्काळ सरला, अप्पांचा थोरला शिवराज फार्मसी शिकून आला, रीतसर परवाना निघाला. दुकानाच्या डाव्या अंगाला औषधाची कपाटं लागली. पहिल्याच महिन्यात एक ग्रामसेवक आला. त्यानं खरजेचं मलम घेतलं आणि हातात तसंच धरून बाहेर पडला. समोर चहाचं हॉटेल. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव 'खरजुल्या' पडलं. कचेरीत, एस.टी. स्टँडवर, पाणवठ्यावर, जिथं जाईल तिथं लोक एक हात लांब सरकायचे आणि हसायचे. बिचाऱ्यानं बदली मागून घेतली. आम्ही सगळे हसलो. अप्पा हसले नाहीत.

"मारोती, माणूस दुखण्याला एवढा भीत न्हाई, जेवढा गावाच्या तोंडाला भीतोय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुकानातून उघडं औषध बाहेर पडलं नाही. चहाची पुडी बांधायची आणि तिच्या पोटात औषधाची पुडी. बाहेरून तोच कागद, तोच दोरा. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, बाई चहा घेऊन चालली. कोणाला क्षय, कोणाला बाईपणाचं दुखणं, कोणाला डोक्याचं, सगळं चहात गेलं. हळूहळू बायामाणसं खुणेनं मागायला लागली. "अप्पा, चहा द्या," म्हणून नुसतं उभं राहायचं. अप्पा चिठ्ठी घेऊन शिवराजकडं सरकवायचे आणि स्वतः कागद मांडायचे. सून, सासू, मास्तर, मौलवी, बौद्धवाड्यातली नर्सबाई, सगळे एका रांगेत आणि सगळ्यांच्या हातात सारखी पुडी. आमच्या दुकानाचा चहा खपायचा तो यामुळं. मिळायचा स्वस्तही, कारण अप्पा सगळ्या दुकानांचा माल एकदाच उचलायचे आणि एकाच टेंपोत भरायचे. नांदेडचे दोघं-तिघं औषधवाले एकदा तावातावानं आले. म्हणाले, "अप्पा, छापील किंमत असती, त्याच्या खाली विकायचं नसतं."

अप्पांनी त्यांना बसायला पाट दिला. म्हणाले, "छापणारा तुमचा पाव्हणा हाय का?"

आता दुकानं एकाची पाच कशी झाली ते सांगतो. अप्पांनी बाजारपेठ बघितली नाही, लेकी बघितल्या. कंधारच्या लेकी बिलोलीकडं लई दिलेल्या. त्या माहेरी आल्या की अप्पांकडून महिन्या-दोन महिन्यांचं औषध 'चहात' घेऊन जायच्या. पुरलं नाही तर पंचाईत. मग अप्पांनी बिलोलीला दुकान टाकलं. पुढं नांदेड, पुढं अहमदपूर. व्यापारी हसायचे, "अप्पा, दुकान टाकताव का लेकी आणाया मुराळी धाडताव?" हसू द्या. माझा टेंपो बिलोलीत थांबला की पोरी येऊन विचारायच्या, "मारोतीदादा, कंधारला पाणी पडलं का?" माहेरचे लोक माझ्यासंगं कुरडया, पापड, बांगड्या द्यायचे. मी पोचवायचो. भाडं घेतलं नाही. घेतलं असतं तर हमाल झालो असतो.

लातूरचं दुकान निघालं ते एका पोरीपायी. तिचं नाव सुमन. कंधारजवळच्या खेड्यातले किसनराव, तिचे वडील. पोरीला लहानपणापासून फेफरं यायचं. नांदेडच्या डॉक्टरनं रोजची गोळी लावून दिली आणि फेफरं थांबलं, पार थांबलं. पण गोळी चुकवायची नाही, एकाएकी तोडली तर जास्त जोरानं येतंय, असं डॉक्टरनं बजावलेलं. पोरगी कामसू, हसरी. लातूरला एका शाळेतल्या कारकुनाशी लग्न ठरलं. किसनराव पत्रिका घेऊन दुकानात आले आणि पत्रिका देऊन झाली तरी हलेनात.

"बोला की," अप्पा म्हणाले.

"गोळीचं सांगितलं तर मोडतंय, अप्पा."

"आन् न सांगता करताव?"

किसनराव हातातल्या पत्रिका सारख्या करायला लागले. शिवराज आतून बोलला, "सांगायला पाहिजे काका. पुढं कळलं तर जास्त वाईट."

"तुला लेक न्हाई अजून," किसनराव म्हणाले आणि त्यांच्या डोळ्याला पाणी आलं.

अप्पांनी शिवराजला हातानं गप्प केलं. म्हणाले, "किसनराव, पोरीची गोळी चुकणार न्हाई. आन् माझं तोंड उघडणार न्हाई. जा, लग्नाचं बगा."

दोन शब्द दिले, एका दमात. मी तिथं पोतं उतरवत होतो. तेव्हा मला ते दोन्ही एकच वाटले.

सुमनचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत लातूरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, तोंडाला आमची पाटी लागली. तिथं अप्पा महिन्यातले निम्मे दिवस राहायचे. सुमन महिन्याला यायची, पदर डोक्यावर, "अप्पा, चहा द्या." तिची पुडी आधीच बांधून वरच्या फळीवर ठेवलेली असायची. कधी नवरा सोबत यायचा. दिगंबर त्याचं नाव. उंच, कमी बोलणारा. तोच पुडी पिशवीत टाकायचा. आत काय आहे त्याला माहीत नसायचं.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून लातूर निराळं निघालं. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. गुलाल, बँड, फटाके, कमानी. अप्पांना काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी फळा लावला, आज साखर आणि चहा खरेदीच्या भावात. दुकानावर झुंबड उडाली. शिवराज साखर तोलून थकला. अप्पा गादीवर उभेच राहिले, कपाळाची विभूती घामानं पुसली, त्यावर कोणीतरी गुलाल लावलेला, आणि तोंडानं लाभ, दोन, तीन चालू. मी त्यांना इतकं खुश कधी बघितलं नाही.

त्या गर्दीत सुमनची सासू गयाबाई आली. ती एरवी कधी यायची नाही. तिनं लांबून ओरडून सांगितलं, "अप्पा, दिगंबरच्या घरचा चहा द्या की!"

दिगंबरच्या घरचा चहा. अप्पांचा हात आपोआप वरच्या फळीवर गेला. वर्षाची सवय. पुडी खाली आली, माणसांच्या डोक्यावरून गयाबाईच्या हातात गेली. वर अप्पा म्हणाले, "या परत."

दुसऱ्या दिवशी गयाबाई परत आली. भांडायला नाही, सरळ विचारायला. तिनं रुमालाची गाठ सोडून गोळ्या गादीवर ठेवल्या. "अप्पा, तुमच्या चहात ह्या निघाल्या. कशाच्या हायत वो?"

मी दारात होतो. अप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी बघितला. एक शब्द खरा बोलायची ती वेळ होती. बाई रागात नव्हती. पण अप्पांना किसनरावाचा चेहरा दिसला असणार.

"अगं माय माय," अप्पा म्हणाले, "गर्दीत आमच्याच गोळ्या पडल्या बगा. चूक झाली. आणा हिकडं."

आणि त्यांनी त्या गोळ्या उचलून बंडीच्या खिशात टाकल्या.

गयाबाईनं रिकामा रुमाल झटकला. म्हणाली, "चुकून पडल्या तर कागदात बांधून कशा पडल्या?" आणि गेली. आळीत तिनं सांगितलं की या दुकानाच्या चहात औषधं पडतात, इथलं काही खायचं नाही. घरात निराळ्या दुकानाचा चहा आला. सुमनला आमच्याकडं पाठवणं बंद झालं.

इज्जत वाचली आणि गोळी तुटली. अप्पांना हे त्याच दुपारी कळलं. त्यांनी मला टेंपो काढायला लावून कंधारला किसनरावाकडं धाडलं. पोरीला चार दिवस माहेरी आणा, असा निरोप. किसनराव म्हणाले, "आत्ता तर पंचमीला येऊन गेली. लगेच न्यायला गेलो तर शंका घेतील. पोळ्याला आणतो की." मी म्हणलं, "पोळ्याला वेळ हाय, काका." ते म्हणाले, "चार-आठ दिवसानं काय होतंय?" मी तसाच माघारी आलो.

मग अप्पा स्वतः निघाले. साखरेची पिशवी माझ्या खांद्यावर, चुकीची माफी मागायला म्हणून. गयाबाईनं ओसरीवर सतरंजी टाकली, मान राखला, चहाही केला. अप्पांनी दुसऱ्याच्या घरचं कधी घेतलं नव्हतं, त्या दिवशी तो चहा पिले. सुमन आतल्या दारात उभी होती. नुसती अप्पांच्या हाताकडं बघत होती. अप्पांचा हात बंडीच्या खिशाशी जायचा आणि परत मांडीवर यायचा. गोळ्या तिथं होत्या. मधे चार हात जमीन आणि सासू. अप्पा पावसावर बोलले, नव्या कलेक्टरवर बोलले, शाळेच्या पगारावर बोलले. मग उठले.

टेंपोत बसल्यावर मी चावी फिरवली नाही. म्हणलं, "अप्पा, मागं जा आन् सांगून टाका."

"शब्द दिलाय तिच्या बापाला."

"शब्द गोळीचाबी दिला होता."

"गाडी चालव, मारोती."

मी चालवली. नोकर होतो. पण मी बोललो होतो, हे लिहून ठेवतो.

पोळ्याच्या आधीच सुमनला फेफरं आलं. भाकरी थापत बसली होती, चुलीवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं आणि तिनं स्वतःच सांगितलं. सगळं. लहानपणापासूनचं, गोळीचं, चहाच्या पुडीचं. आम्हाला वाटलं आता संपलं. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी दिगंबर दुकानात आला. अप्पा गादीवरून उठून उभे राहिले. मला वाटलं हा हात उचलतो. मी मधे जायला पुढं झालो.

दिगंबरनं खिशातून चिठ्ठी काढून शिवराजच्या पुढं ठेवली. "ह्या गोळ्या द्या. महिन्याच्या."

शिवराजनं मोजल्या. अप्पांनी सवयीनं कागद पुढं ओढला.

"बांधू नका," दिगंबर म्हणाला. त्यानं गोळ्या शर्टाच्या वरच्या खिशात टाकल्या. शर्ट पातळ होता, बाहेरून दिसत होत्या. मग तो अप्पांना म्हणाला, आवाज न चढवता, "अप्पा, मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं असं तुमाला वाटलं?"

अप्पांनी पुढं ओढलेला कागद परत घडी केला.

"सगळ्या गावाचा विचार केलाव. माझ्या एकट्याचा काऊन न्हाई केला? महिन्याला मीच आणून दिल्या असत्या की. ती पुडी मीच पिशवीत टाकत होतो."

तो पायऱ्या उतरून गेला. मोंढ्यातून तसाच चालत गेला, खिशात गोळ्या. कोणी हसलं नाही. कोणी बघितलंही नाही. अप्पा तो वळेपर्यंत बघत राहिले.

सुमनचं घर मोडलं नाही. गयाबाई पुष्कळ बोलली, फसवलं म्हणाली, किसनरावाला पुढं किती वर्षं तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. पण सुमन तिथंच राहिली, हातावर डाग घेऊन. मोडलं ते आमचंच.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दोऱ्याचा गुंडा उतरवून ठेवला. पाची दुकानांवर माझ्याच हातून निरोप गेला, औषध चहात बांधायचं नाही. ज्याचं त्यानं उघडं न्यायचं. मी टेंपोत त्यांना म्हणलं, "अप्पा, सगळ्यांचे नवरे दिगंबर नसतेत."

"मी कोण ठरवणार कोणाचा नवरा कसा हाय?"

"मग तुमी हे तरी कसं ठरवताव?"

"गाडी चालव."

हट्टी मी पण आहे, पण अप्पांचा हट्ट निराळा होता. स्वतःला शिक्षा दिल्यासारखा. बिलोलीच्या दुकानात मी बघितलं. एक बाई आली, पदर ओठात धरून म्हणाली, "अप्पा, चहा द्या." अप्पा त्या दिवशी तिथं होते. म्हणाले, "चहा पाहिजे का औषध? औषध असलं तर उघडं न्या, माय. लाजायचं काय त्यात?" दुकानात चार माणसं होती, चारीही वळून बघायला लागली. ती बाई म्हणाली, "चहाच पाहिजे." चहा घेतला आणि गेली. पुन्हा आली नाही. तिला कशाचं औषध पाहिजे होतं, ती पुढं कुठून आणायची, का आणलंच नाही, कोणास ठाऊक. मला ती बाई अजून आठवते.

असंच सगळीकडं झालं. औषध घेणाऱ्या बाया गेल्या, त्यांच्यामागं चहा गेला, चहामागं साखर गेली. आमचा माल स्वस्त होता, पण लोक नुसतं स्वस्तासाठी येत होते असं थोडंच होतं. आधी बिलोलीचं बंद झालं, मग अहमदपूरचं, मग नांदेडचं. लातूरच्या दुकानाला शिवराजनं काचा लावल्या, औषधाचा भाग निराळा केला, वर लाल चिन्ह, ट्यूबलाइट. त्याला दोष देत नाही. नव्या जिल्ह्याच्या गावाला ते शोभतही होतं, आणि परवाना, बिलं, सगळं त्याचं चोख. पण रस्त्यावरून दिसायचं की औषधाच्या अंगाला कोण उभं आहे. शेवटी तेही चालेना. कंधारचं दुकान भावकीत गेलं आणि लातूरचं बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला द्यायचं ठरलं.

द्यायच्या दिवशी अप्पा माझ्यासंगं लातूरला आले. तोवर त्यांची पाठ वाकली होती, धोतर ढिलं बसायचं. आत शिवराज आणि तो व्यापारी कागदं करत होते. अप्पा आत गेले नाहीत. टेंपोच्या पायरीवर बसून राहिले. समोरून बसस्टँडला जाणारे लोक चाललेले.

तेवढ्यात एक बाई आली. खेड्यातली, कडेवर गाठोडं. दुकानासमोर थांबली. काचेतून आत बघितलं, औषधाच्या अंगाला दोन-तीन माणसं उभी होती. ती पुढं गेली, माघारी आली, परत उभी राहिली. पदराच्या टोकाला गाठ होती, ती मुठीत धरलेली. मग निघाली, स्टँडकडं.

अप्पा उठले. "मारोती, ती बग."

"बगितली."

ते तिच्यामागं चालायला लागले. मी मागं. बस लागलेली होती, ती चढून खिडकीशी बसली. अप्पा खिडकीखाली गेले आणि हळूच म्हणाले, "माय, चहा पाहिजे व्हता का?"

तिनं त्यांच्याकडं बघितलं. ओळखीचे नव्हते. पण तिनं कुठंतरी ऐकलेलं असणार, आईकडून म्हणा, बहिणीकडून म्हणा. ती म्हणाली, "हाव."

"चिठ्ठी द्या."

तिनं गाठ सोडली. अप्पा चिठ्ठी घेऊन वळले आणि पळाले. खरंच पळाले, धोतराचा सोगा हातात धरून, मोंढ्याच्या गर्दीतून. मी ड्रायव्हरला म्हणलं, "दादा, थोडं थांबा," तो म्हणाला, "टाइम झाला," मी म्हणलं, "मग मला चिरडून न्या." थांबला.

बसच्या पुढून मला दुकान आणि टेंपो दिसत होते. अप्पा दुकानातून बाहेर आले तेव्हा हातात गोळ्या आणि चहा होता. चालता चालता त्यांनी टेंपोतून वर्तमानपत्र ओढलं, माझ्या सीटखालचा दोरा घेतला आणि टेंपोच्या बॉनेटवर पुडी बांधली. आत पुडी, बाहेर पुडी. दोन वेढे पुडीला, एक बोटाला. पहिला झटका चुकला. दुसऱ्यानं तुटला.

अप्पा येताना बघून मी बाजूला सरलो आणि बस हलली. अप्पांनी टाचा वर करून पुडी खिडकीत दिली. बाईनं ती घेऊन गाठोड्यावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. शेजारीण म्हणाली, "चहा घेतलाव व्हय?" ती म्हणाली, "हाव, चहा."

"परत येऊ नका, माय," अप्पा खालून म्हणाले.

बस गेली. मी मागून हाक मारली, "अप्पा, चला." ते वळले नाहीत. धुळीत उभे होते, आणि बोटाला उरलेला दोरा त्यांनी सोडून काढायला घेतला होता.